अमावास्येचा चकोर

'अद्भुतात काय हो, काहीही चालते.' हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे, की मराठी विभागांच्या फळ्यांवर ते सुविचार म्हणून लिहून टाकायलाही आता हरकत नसावी. अलीकडेच पदव्युत्तर प्रकल्पांच्या विषयांची यादी वाचली जात असताना ते पुन्हा कानावर आले. एका विद्यार्थिनीने विषय दिला होता : फँटसी भूमिकाखेळांत एखादे जग 'वस्तीयोग्य' कसे ठरवले जाते. विषय हसण्यावारी गेला. 'खेळ आहे तो, त्यात कसली आली वस्ती?' असे एकाने म्हटले, दुसऱ्याने तिला एखादी ग्रामीण कादंबरी घेण्याचा सल्ला दिला, आणि यादी पुढे सरकली.

विषय नाकारला गेला याबद्दल आमची तक्रार नाही. विषय नाकारले जातातच. तक्रार आहे ती नाकारताना वापरलेल्या वाक्याबद्दल. ते केवळ खेळांबद्दलचे अज्ञान नाही. अद्भुत या गोष्टीकडे आपण वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून कसे पाहतो, याची ती कबुली आहे, आणि ती कबुली लाजिरवाणी आहे असे आम्हांला वाटते.

ज्या वाचकांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि या प्रकाराला रूप आले. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो व जगाचे वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे पडतात. नियमांची जाडजूड पुस्तके असतात, पण संहिता नसते. संहिता बोलता बोलता घडते. खेळ मांडण्याआधी सूत्रधाराला एका प्रश्नाचे उत्तर ठरवावेच लागते : माझ्या या जगांपैकी कोणत्या जगात कोण जगू शकते? हवा कुठली, पाणी कुठले, खाणार काय?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले आपल्या बैठकीतले : काहीही चालते. दुसरे नियमपुस्तकांतल्या तक्त्यांचे : मोजा, फासे टाका, आकडा वाचा. ही दोन्ही उत्तरे एकमेकांची शत्रू वाटतात. आमचे म्हणणे असे, की ती सख्खी भावंडे आहेत. दोघांनाही जीवन ही जगावर बाहेरून आणून ठेवायची वस्तू वाटते.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ. 'काहीही चालते' असे म्हणणाऱ्यांना आपलीच परंपरा आठवत नाही. चकोर चांदणे पिऊन जगतो, हा आपल्या काव्यपरंपरेतला जुना संकेत. अशा कविसमयांची चर्चा राजशेखराने 'काव्यमीमांसे'त केली आहे, आणि ज्ञानेश्वरांपासून मराठी कवींनी हा चकोर आपला मानला. पक्षिशास्त्राला हा आहार मान्य नाही. कवीला आहे, आणि त्यात वावगे काही नाही. पण एकदा चकोराला चांदणे पुरते असे म्हटले, की अमावास्येला चकोर उपाशी राहिला पाहिजे. विरहाची सारी प्रतिमासृष्टी त्या उपासावरच तर उभी आहे! अमावास्येच्या रात्री एखाद्या कवीने चकोराला दाणे टिपताना दाखवले, तर त्याने निसर्गाचा नियम पाळला असेल. मोडला तो काव्याचा. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले, ते याहून फार वेगळे नाही. अ‍ॅरिस्टॉटलही पटणाऱ्या अशक्याला न पटणाऱ्या शक्यापेक्षा वरचे स्थान देतो. आणि टोल्किनने परीकथांवरील आपल्या निबंधात हिरव्या सूर्याचा दाखला दिला तो याच अर्थाने. 'हिरवा सूर्य' हे दोन शब्द कुणीही उच्चारील. तो सूर्य ज्या आकाशात खरा वाटेल ते जग रचायला कष्ट पडतात. तेव्हा अद्भुतात काहीही चालत नाही. उलट वास्तववादी कादंबरीकाराला जग आयते मिळते, त्याच्या गावातली विहीर भूगर्भाने आधीच खोदून ठेवलेली असते. अद्भुताच्या लेखकाला विहिरीसकट भूगर्भ स्वतः रचावा लागतो.

खेळातले उदाहरण घेऊ. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'फरगॉटन रेल्म्स' या जगात जमिनीखाली 'अंडरडार्क' नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे आणि त्यात मेन्झोबेरान्झान नावाचे शहर. तिथे सरदार घराणी आहेत, गुलाम आहेत, देवळे आहेत. सूर्य मात्र नाही. लोक खातात काय? आळंबी, आणि आळंबीवर पोसलेली 'रोथे' नावाची गुरे. ऐकायला छान वाटते. पण आळंबी अन्न निर्माण करत नाही, दुसऱ्याने निर्माण केलेले अन्न ती कुजवते. मग मूळचे अन्न कुणी निर्माण केले? हा प्रश्न पंतोजीपणाचा नाही. १९८६ साली रुमानियात मोविले नावाची गुहा सापडली. बाहेरच्या जगापासून लक्षावधी वर्षे तुटलेल्या त्या अंधारात गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू आहेत, आणि त्यांच्या जिवावर गोगलगायी, कोळी, जळवा अशी एक संपूर्ण सृष्टी उभी आहे. म्हणजे सूर्याविना अन्नसाखळी सुरू होऊ शकते. पण त्या गुहेतले प्राणी बोटाहून फारसे मोठे नाहीत. अंधारातले जीवन शक्य आहे, ते श्रीमंत नाही.

मेन्झोबेरान्झानची सरदार घराणी पोसायची, तर सूत्रधाराला कुठेतरी जमाखर्च मांडावा लागतो. जादूचा एखादा झरा आहे काय? असेल तर त्यावर ताबा कुणाचा? की वरच्या जगातून धान्य येते? विकत की लुटून? यांतले कोणतेही उत्तर घ्या, त्या शहराचे राजकारण, त्याची देवळे, त्याचे गुलाम यांना क्षणात अर्थ येतो. 'काहीही चालते' म्हणणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. त्याच्या शहरात क्रौर्य असते, पण ते क्रौर्य कशासाठी हे त्याला सांगता येत नाही. ड्रॅगनचेही तेच. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्साच वर पोचतो. मोठे हिंस्र प्राणी विरळ असतात ते म्हणून. एका डोंगरात एक ड्रॅगन असेल तर दंतकथा होते. चाळीस असतील तर खाली गावे उरणार नाहीत, आणि गावे नसतील तर दंतकथा सांगायला माणूस उरणार नाही.

आता दुसरा पक्ष. इथे आम्ही मुद्दाम विज्ञानकथेच्या कुळातला एक खेळ घेतो, कारण जगे ठरवण्याची पद्धत तिथे सर्वांत उघडपणे दिसते. १९७७ साली मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक ग्रह म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ : आकारमान, वातावरण, पाण्याचे प्रमाण, लोकसंख्या, शासन, कायदा, तंत्रज्ञान. दोन फासे टाकायचे आणि आकडे भरत जायचे. आकारमानासाठी फाशांच्या बेरजेतून दोन वजा. वातावरणासाठी सात वजा करून आकारमान मिळवायचे. लहान ग्रहाला हवा कमी, मोठ्याला जास्त, इथपर्यंत ठीक. पण लोकसंख्या? पुन्हा फाशांची बेरीज वजा दोन. हवा असो वा नसो. हा आकडा दहाचा घात आहे. नऊ पडले की लोकसंख्या अब्जांत. शाळेतले गणित केले तरी कळेल, की त्या मूळ नियमांनुसार सरासरी दर बारा जगांमागे एकात अब्जावधी माणसे भरणार, मग तो निर्वात खडक का असेना.

तक्त्याचा विनोद करणे सोपे आहे. त्यातली खरी चूक त्याहून खोल आहे. तक्ता हवा आधी ठरवतो आणि माणसे नंतर आणून ठेवतो. म्हणजे हवा ही जागामालकाने तयार ठेवलेली खोली, आणि जीवन हा भाडेकरू. आपल्या एकुलत्या एक माहितीतल्या जगात मात्र असे घडलेले नाही. पृथ्वीच्या आरंभीच्या हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. तो सायनोबॅक्टेरियांनी सोडला, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत साठू लागला. ज्या हवेला 'ट्रॅव्हलर'चा तक्ता 'श्वसनयोग्य' म्हणून गुण देतो, ती हवाच जिवांनी केलेली आहे. श्वसनयोग्य हवा असलेला आणि कोणतीही सृष्टी नसलेला ग्रह म्हणजे मालकाविना पेटलेली चूल. सूत्रधाराने तिथे थबकून विचारले पाहिजे, की ही हवा केली कुणी? तक्ता हे विचारूच देत नाही, कारण त्याच्या रकान्यांचा क्रमच उलटा आहे.

शिवाय 'श्वसनयोग्य' म्हणजे कुणाला? प्राणवायू साठू लागला तेव्हा त्या काळच्या अनेक जिवांना तो विषच होता. ज्या वर्षी 'ट्रॅव्हलर' निघाला त्याच १९७७ साली गालापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रतळाशी, 'अ‍ॅल्विन' पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती दाट जीवसृष्टी आढळली. तिथल्या अन्नाचा आरंभ सूर्यप्रकाशात नव्हता. तो होता हायड्रोजन सल्फाइडवर जगणाऱ्या जिवाणूंत. आपल्या तक्त्यात ती जागा 'अयोग्य' ठरली असती. वस्तीयोग्य हे विशेषण नेहमी कुणाच्या तरी चतुर्थीची वाट पाहत असते, हे भाषेच्या अभ्यासकांना तरी सांगावे लागू नये. कुणाला योग्य, हे न सांगता जो मोजतो, तो स्वतःच्या शरीराची फूटपट्टी करून मोजतो.

ही फूटपट्टी निरुपद्रवी नाही. 'इथे कुणी राहत नाही' असे ठरवणे हे जमिनी बळकावण्याचे फार जुने साधन आहे. ऑस्ट्रेलियात हजारो वर्षे माणसे राहत असूनही कायद्याने ती भूमी कुणाचीच नाही असे मानले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पना नाकारली ती १९९२ च्या माबो खटल्यात. तिथे ज्यांनी मोजले त्यांनाही वाटले असेल, की आपण फक्त तक्ता भरत आहोत. म्हणून जो सूत्रधार आपल्या नकाशावर 'निर्जन' असा शिक्का मारतो, त्याने एक नैतिक विधान केलेले असते, त्याला ते ठाऊक असो वा नसो. फाशांवर ढकलून त्याची सुटका होत नाही.

इथे 'ट्रॅव्हलर'ला न्यायही दिला पाहिजे. त्याच नियमपुस्तकात असे सुचवलेले आहे, की आकडे परस्परविरोधी वाटले तर शहाणपणाने वागावे; एक तर त्यांची संगती लावणारे कारण शोधावे, नाहीतर जगाचे वर्णन बदलावे. आम्हांला त्या पुस्तकातली सर्वांत वाङ्मयीन जागा हीच वाटते. हवा नाही, पाणी नाही, आणि माणसे अब्जावधी. मूर्खपणा म्हणून फासे पुन्हा टाकता येतात. किंवा विचारता येते : ही माणसे इथे का अडकली? त्यांना हवा कोण विकतो? पैसे संपले की काय होते? कथा सुरू होते ती इथे. तक्ता संपतो तिथे.

आणि हा प्रश्न आपल्याला परका नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे त्या पहिल्या गाडीने माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आणले. त्या महिन्यातले लातूर 'ट्रॅव्हलर'च्या रकान्यांत भरले असते तर पाण्यापुढे शून्य आणि लोकसंख्येपुढे पाच आले असते, आणि एखाद्या हुशार खेळाडूने ते अशक्य म्हणून फासे पुन्हा टाकले असते. लातूर मात्र होते. ते कसे होते, कुणाच्या घरी टँकर पोचत होता आणि कुणाला रात्री रांगेत उभे राहावे लागत होते, त्याच भागात उसाला पाणी कसे मिळत आले होते, हे विचारल्यावाचून 'हे शहर वस्तीयोग्य आहे का' या प्रश्नाला काही अर्थच नाही. त्या विद्यार्थिनीला ग्रामीण कादंबरी घ्यायला सांगणाऱ्यांना आम्ही नम्रपणे सुचवतो, की तिच्या विषयातही हाच दुष्काळ होता. फक्त तो दुसऱ्या आकाशाखाली होता.

मग चांगले उदाहरण कोणते? आम्ही दोन देतो, दोन्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्याच घराण्यातली. १९८९ साली जेफ ग्रब यांचा 'स्पेलजॅमर' आला. त्यात गलबते ताऱ्यांमधून फिरतात, ग्रह अग्नीचे किंवा पाण्याचे असू शकतात. आपले भौतिकशास्त्र तिथे चालत नाही. पण प्रत्येक गलबताबरोबर हवेचे एक वेष्टन जाते, आणि ती हवा वापरून संपते : आधी ताजी, मग कोंदट, मग प्राणघातक. गलबतावर माणसे जास्त झाली की हवा लवकर विटते. एवढ्या एका नियमाने कितीतरी साधते! निर्वासितांना गलबतावर घ्यायचे की नाही, हा प्रश्न टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या छातीत उतरतो. विज्ञान खोटे, जमाखर्च खरा.

दुसरे उदाहरण १९९१ च्या 'डार्क सन'चे. अ‍ॅथास नावाचे ते जग वाळवंट झालेले आहे. तिथे धातू दुर्मिळ, पाणी मोलाचे. ते असे का झाले? कारण तिथली जादू वनस्पतींतले जीवन ओढून घेते. जे मांत्रिक बेफिकीरपणे ओढतात त्यांच्या पायाखालच्या मातीची राख होते; जे जपून ओढतात ते कमी शक्तीवर भागवतात. तिथे वाळवंट हे पार्श्वभूमीचे चित्र नाही, ते कुणीतरी केलेले आहे, आणि करणारे अजून सिंहासनांवर बसलेले आहेत. 'हे जग जीवसृष्टी पेलू शकते का?' याचे अ‍ॅथासवरचे उत्तर हवेत किंवा पाण्यात शोधायचे नाही. कोण किती ओढतो यात शोधायचे. आम्ही ज्याला वाङ्मयीन उत्तर म्हणतो ते हे.

एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे. ब्रिटिश कादंबरीकार एम. जॉन हॅरिसन यांनी २००७ साली जगरचनेच्या या हव्यासावर कडाडून टीका केली. नसलेल्या प्रदेशाचा सातबारा लिहीत बसण्याने लेखन मरते आणि वाचकाची कल्पना पांगळी होते, असा तिचा आशय. कादंबरीपुरते आम्हांला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. कादंबरीत लेखकाला गप्प राहता येते. वाचक पानात कुदळ मारून विहीर खणू शकत नाही. खेळात तो खणतो! त्याच्या पात्राला तहान लागते आणि तो विचारतो, 'इथे पाणी किती खोल आहे?' त्या क्षणी सूत्रधाराला मौनाचा आधार उरत नाही. आस्वादक हा संहितेचा सहनिर्माता असतो, असे आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. इथे तो अक्षरशः समोर बसून उत्तर मागतो. सगळा सातबारा आधीच लिहून ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. विचारल्यावर दिलेले उत्तर पुढच्या प्रत्येक विहिरीला बांधील असावे, एवढेच म्हणतो.

असो. ज्या सहकाऱ्यांना हे सारे पोरखेळ वाटते त्यांच्याशी आमचे भांडण संपणार नाही, आणि संपावे अशी आमची इच्छाही नाही. त्यांच्याकडे एकच मागणे आहे. पुढल्या वेळी कुणी विद्यार्थी असा विषय घेऊन आला, तर 'काहीही चालते' म्हणून हसण्याऐवजी त्याला एक प्रश्न विचारा : तुझ्या जगात अमावास्या आहे का? आणि असेल, तर त्या रात्री तुझा चकोर काय खातो? विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही तर विषय खुशाल नाकारा. दिले, तर खुर्ची पुढे ओढा आणि ऐका.